विश्लेषण : भरतीच्या तयारीत ‘ताकदीचे इंजेक्शन’? टेस्टोस्टेरॉन इनॅन्थेट म्हणजे काय, धोका कोणता?

पोलीस भरतीची चाहूल लागली की नळदुर्ग, तुळजापूरपासून सोलापूरपर्यंत पहाटेच्या रस्त्यांवर धावणारी मुले दिसू लागतात. धावण्याला व्यायामशाळेची जोड मिळते. तिथे ‘एक इंजेक्शन घे, महिन्यात फरक दिसेल’ असा सल्लाही कानावर पडू शकतो. अशा इंजेक्शनांपैकी एक म्हणजे टेस्टोस्टेरॉन इनॅन्थेट.

हे औषध नेमके काय?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांच्या वृषणात तयार होणारे संप्रेरक. १९३५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवणारे अॅडॉल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिका १९३९ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. पण शुद्ध टेस्टोस्टेरॉन शरीरात फार वेळ टिकत नाही. तोंडावाटे घेतल्यास यकृत ते लगेच निकामी करते. म्हणून त्याच्या रेणूला सात कार्बनच्या आम्लाची ‘शेपटी’ जोडतात. हाच एस्टर. तो तेलात विरघळतो. स्नायूत टोचल्यावर तेलाच्या साठ्यातून हळूहळू रक्तात उतरतो, तिथे शेपटी तुटते आणि मूळ संप्रेरक मोकळे होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे साडेचार दिवसांचा आहे.

डॉक्टर ते कधी देतात?

वृषण किंवा मेंदूतील पियुषिका ग्रंथीच्या विकारामुळे टेस्टोस्टेरॉन कमी बनत असेल, क्लाइनफेल्टर सिंड्रोम असेल किंवा मुलगा वयात येण्यास फार उशीर होत असेल, तर. लक्षणे असतील आणि सकाळी घेतलेल्या रक्ताच्या दोन वेगवेगळ्या चाचण्यांत पातळी कमी आढळली, तरच प्रौढांत निदान पक्के मानले जाते.

निरोगी तरुणाने घेतल्यास काय होते?

बाहेरून संप्रेरक आले की मेंदू वृषणांना आदेश देणे थांबवतो. वृषण आकसतात, शुक्रजंतू घटतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच औषध पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासले होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम देण्यात आले. त्यातील १५७ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू उरलेच नाहीत. औषध बंद केल्यावर ते बहुधा परततात, पण त्याला अनेक महिने लागू शकतात.

याशिवाय रक्त दाट होणे, मुरुमे, स्तनांची वाढ, चांगले कोलेस्टेरॉल घटणे हे परिणामही आहेत. वाढीच्या वयात घेतल्यास हाडांची टोके लवकर जुळून उंची खुंटू शकते. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना किमान १६५ सेंटीमीटर उंची लागते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

नियम काय सांगतात?

हे औषध ‘शेड्यूल एच’मध्ये मोडते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. खेळाडूंना तर ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव याच्यावर २०१६ मध्ये याच वर्गातील मेथँडिएनोनमुळे चार वर्षांची बंदी आली आणि रिओ ऑलिम्पिक हुकले. घातपात झाल्याचा त्याचा दावा क्रीडा लवादाने फेटाळला.

आधीच घेतले असेल तर?

लपवू नका. ‘उतारा’ म्हणून दुसरी औषधे स्वतःहून सुरू करू नका. कोणते इंजेक्शन, किती आणि किती दिवस घेतले, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. संप्रेरकांची आणि वीर्याची तपासणी वेळेत झाली, तर पुढचे उपचार सोपे होतात.