अंतर्वस्त्रांचे कापड आणि वंक्षणप्रदेशातील त्वग्विकार

वंक्षण, कटी व स्तनांखालील भागातील कंडू आणि दद्रू यांचे रुग्ण आपण नित्य पाहतो. आहार, कोष्ठ, निद्रा यांची चौकशी होते. दिवसभर त्या जागी चिकटून असलेल्या वस्त्राची क्वचितच होते. स्त्रीरुग्ण संकोचाने सांगत नाही आणि वैद्यही संकोचाने विचारत नाही. सुश्रुताचार्यांनी मात्र औपसर्गिक रोगांच्या संक्रमणमार्गांत दुसऱ्याचे वस्त्र वापरणे स्पष्टपणे गणले आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. ‘सॅटिन’, ‘लेस’, ‘होजिअरी’ ही विणीची नावे आहेत, तंतूची नव्हेत. सॅटिन रेशमाचे असू शकते तसेच पॉलिएस्टरचेही. स्वस्त सॅटिन बहुधा पॉलिएस्टरचेच असते. म्हणून लेबलावरील तंतूचे नाव पाहावे. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरते, व्हिस्कोज १२ ते १३ टक्के, नायलॉन ४ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घट्ट विणीच्या पॉलिएस्टरखाली स्वेद त्वचेवरच साचतो, क्लेद वाढतो आणि दद्रूस पोषक स्थिती निर्माण होते.

तथापि ‘सुती वापरा’ एवढे सांगून भागत नाही. सूत ओलावा शोषते तसा तो सोडतही सावकाश. कोकणात पावसाळ्यात दोरीवर दोन दिवस दमट राहिलेली सुती चड्डी अंगात चढविली, तर तिचा उपयोग काय? कपडा पूर्ण वाळवून, इस्त्री फिरवून मगच घालावा व घाम आल्यास दिवसातून दोनदा बदलावा, हे पथ्य औषधाइतक्याच आग्रहाने सांगावे. व्यायामाच्या वेळी विरळ विणीचे, लवकर वाळणारे कृत्रिम कापड काही जणांस अधिक सोयीचे पडते, हेही मान्य केले पाहिजे.

सगळाच कंडू दद्रूचा नसतो. जांघेत कडा उठलेले, मध्ये निवळलेले मंडल असेल तर दद्रूचा विचार करावा. कमरेभोवती पट्ट्यासारखी लाली असेल तर इलॅस्टिककडे पाहावे. रबर पक्के करण्यासाठी वापरलेली थायुराम व कार्बामेट वर्गातील रसायने काहींना सोसत नाहीत. क्लोरीनयुक्त ब्लीचने धुतल्यावर काही इलॅस्टिकमध्ये नवीच त्रासदायक द्रव्ये तयार होतात. गडद निळ्या-काळ्या कृत्रिम कापडांतील काही डिस्पर्स रंगही घामाबरोबर त्वचेवर उतरतात. अशा रुग्णास दद्रुघ्न लेप कितीही दिला तरी गुण येणार नाही. कापडाने झाकलेले इलॅस्टिक व फिकट रंगाचे सुती वस्त्र तीन-चार आठवडे वापरून पाहण्यास सांगावे.

औषधालय चालविणाऱ्यांना विशेष विनंती आहे. गिऱ्हाईक नाव घेऊन स्टिरॉइडमिश्रित मलम मागते. त्याने लाली व खाज दबते, मंडलाची कडा पुसट होते, दद्रू मात्र आत पसरतो आणि पुढे निदानही अवघड होते. ते मलम चिठ्ठीविना देऊ नये. घरात आणखी कोणास खाज आहे काय आणि टॉवेल व आतले कपडे एकत्र वापरले जातात काय, हे दोन प्रश्न विचारून त्यास वैद्याकडे पाठवावे.