पाण्याचा उतार, चेंडूची वाट

घाटकोपरशेजारी चेंबूरला १९२७ सालापासूनचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. जवळच्या वस्तीतले कॅडी गल्लीत सळई वाकवून, प्लास्टिकच्या चेंडूने स्वतःही गोल्फ खेळतात. चेंडू कुठे वळेल, हे खेळाडू कॅडीला विचारतो. त्या नजरेवर त्याची रोजी असते.

ही नजर आपल्याकडेही आहे. वाफ्याला पाणी देताना आपण उतार ओळखतोच ना? तसंच भोकाच्या सखल बाजूला जाऊन, खाली वाकून बघायचं. इथे पाणी ओतलं तर कुठे वाहील? चेंडू तिकडेच वळतो, आणि वेग कमी झाला की जास्तच वळतो. हरळीसारखं गवत चमकदार दिसलं, तर ते पुढे झुकलेलं असतं, चेंडू पळतो. गडद दिसलं, तर चेंडू अडतो.

भोक १०८ मिलिमीटर रुंद, जेमतेम वाटीएवढं. तीन फुटांवरून मारताना मनगट स्थिर ठेवून खांदे झुलवायचे. चेंडू पडल्याचा आवाज येईपर्यंत मान वर करायची नाही.

सरावाला सारवलेलं अंगण पुरतं. चेंडूपुढे दोन खडे ठेवा, मधून चेंडू जेमतेम जाईल एवढ्या अंतरावर. खड्यांना न लागता तो गेला पाहिजे. मुलगे खेळतील तेव्हा मुलींच्या हातीही काठी द्या.