सराव परीक्षेतले गुण कोणत्या मापाचे?

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच महाविद्यालयाच्या तोडीचे विषय घेता येतात आणि मे महिन्यात कॉलेज बोर्ड ही संस्था त्यांची 'एपी' परीक्षा घेते. अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरला दरवर्षी चार लाखांवर मुले बसतात. तिथल्या मराठी घरांनाही त्याची धास्ती परकी नाही. निकाल 1 ते 5 अशा श्रेणीत लागतो. सरावात 3 आले तर खऱ्या परीक्षेत किती येतील, हे प्रत्येकाला हवे असते. पण या एका प्रश्नात दोन प्रश्नांची गल्लत झालेली असते. पेपर किती अवघड होता, हा एक. आणि मिळालेल्या गुणांची श्रेणी कशी ठरली, हा दुसरा. सराव परीक्षा छापणारा खासगी प्रकाशक पहिल्याची नक्कल जेमतेम करू शकतो. दुसरी गोष्ट त्याच्या हातातच नसते.

याचा पुरावा अलीकडचाच आहे. 2023 मध्ये या पेपरात 3 किंवा त्याहून वरची श्रेणी मिळवणारे शेकडा 48 च्या आसपास होते. 2024 मध्ये ते सुमारे 72 झाले. एका वर्षात मुलांची तयारी एवढी वाढत नसते. कॉलेज बोर्डाने श्रेणींच्या सीमाच नव्याने आखल्या होत्या. त्याच शैक्षणिक वर्षात निबंधाचे निकषही बदलले. सात कागदपत्रे वाचून लिहायच्या निबंधात त्यांच्या आधारे युक्तिवाद करण्याचे पूर्ण गुण मिळवायला पूर्वी सहा कागदपत्रे वापरावी लागत, आता चार पुरतात. म्हणजे जुन्या मार्गदर्शकाने तोच निबंध तपासला तर गुण कमी पडतील, आणि मुलगी विनाकारण खचेल.

यावर हमखास ऐकू येते की सराव कठीण असलेला बरा, म्हणजे खरा पेपर सोपा जातो. हे गणिताला कदाचित लागू पडेल. इतिहासात मात्र कठीणपणाची जात पाहावी लागते. खऱ्या पेपरात 55 मिनिटांत 55 बहुपर्यायी प्रश्न असतात आणि एकूण गुणांत त्यांचा वाटा 40 टक्के. हे प्रश्न एखादा उतारा, व्यंगचित्र किंवा नकाशा पुढे ठेवून विचारलेले असतात; लिहिणारा कोण, कोणासाठी लिहितो, का लिहितो, हे ओळखण्यात तिथे कस लागतो. प्रकाशकाला अवघड प्रश्न काढायचा सोपा मार्ग म्हणजे आडवळणाची सनावळी विचारणे. असा पेपर कठीण असतो, पण तो पाठांतर तपासतो. त्यात कमी पडलेली मुलगी खऱ्या पेपरात चांगली लिहू शकते आणि त्यात चमकलेला मुलगा तिथे अडखळू शकतो.

मग आपण कुठे आहोत हे कळायचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. श्रेणीचा अंदाज सोडून कच्चे गुण पाहावेत. कॉलेज बोर्ड लेखी प्रश्न, त्यांचे निकष आणि विद्यार्थ्यांची खरी, गुण दिलेली उत्तरे दरवर्षी जाहीर करते. कागदपत्रांच्या निबंधाला 7 गुण असतात आणि एकूण निकालात त्याचा वाटा 25 टक्के. आपला निबंध 3 गुणांच्या आणि 6 गुणांच्या उत्तरांशेजारी ठेवून वाचला, तर संदर्भ मांडायचा राहिला की कागदपत्रांचा नुसता सारांश झाला, हे नेमके दिसते. ही तुलना वेळखाऊ आहे आणि शिक्षकाची मदत लागते. शिवाय 2024 च्या आधीची उत्तरे घेतली, तर त्यांवरचे गुण जुन्या निकषांचे आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.