घोडीवर बसवलं तर फायदा होतो का?

आर्वीत एका वरातीत घोडीजवळ उभ्या असलेल्या आईनं विचारलं, "माह्या पोराले सेरेब्रल पाल्सी आहे. घोड्यावर बसवलं त फायदा होते का जी?"

पुण्यात असताना मी घोडेस्वारीच्या उपचारवर्गात स्वयंसेवक होतो, म्हणून सांगतो.

घोडा सावकाश चालतो तेव्हा स्वाराची कंबर आपण चालताना हलते तशीच हलते. तोल सावरताना पाठ-पोट कामाला लागतं.

वर्गात एक जण घोडा धरतो, दोघं बाजूनं चालतात. माझा हात मुलाच्या मांडीवर असायचा. घट्ट वळलेली मूठ आयाळीत हळूहळू सुटायची. ते बघायला मी दर रविवारी जायचो.

पायात बळ नसलं तरी घोडेस्वारी जमू शकते: पोलिओनं गुडघ्याखाली पाय लुळे झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२च्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं.

वरातीच्या घोडीवर मात्र मूल बसवू नका. आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारा.