बागेच्या कडेस वेताची लागवड

वेताची खुर्ची व टोपली सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु वेत हा केवळ रानांतून तोडून आणावयाचा नसून लावून वाढवितांही येतो, हें आपल्या बागायतदारांच्या ध्यानीं क्वचितच येतें. बोर्निओ बेटांत बारितो नदीच्या खोऱ्यांतील शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून 'सेगा' जातीचा वेत लावीत आले आहेत. भाताच्या शेतांतच ते रोपें लावितात. भात निघाल्यावर शेत रान वाढण्यास सोडून देतात, आणि रानाबरोबर वेतही वर चढतो. आपल्याकडे दक्षिण सह्याद्रीच्या दमट रानांत वेत आपोआप उगवतो. तेव्हां दक्षिण कोंकण, गोवें व कारवार येथील बागायतदारांस हा विषय परका नाहीं.

वेत हा नारळ-पोफळींच्याच कुळांतील, पण वेलीप्रमाणें चढणारा ताड होय. बांबू पोकळ असतो, वेत भरीव. म्हणूनच तो न मोडतां वांकतो. नर व मादी झाडें निराळीं असतात, यास्तव बीं मादी झाडावरच मिळतें.

पिकलेलीं फळें एक-दोन दिवस पाण्यांत भिजवून, खवले व गर वाळूंत चोळून काढावे. बीं उन्हांत वाळवूं नये. वाळलें कीं तें मरतें. सांवलींतील ओलसर वाफ्यांत तें ताबडतोब पेरावें. उगवण सावकाश व मागेंपुढें होते, म्हणून वाफा लवकर मोडूं नये. पहिलें पान फुटल्यावर रोप पिशवींत घ्यावें, आणि तें वर्ष-दीड वर्षाचें झाल्यावर पावसाळ्याच्या आरंभीं लावावें.

जागा निवडण्यांतच खरें शहाणपण आहे. पोफळींच्या रांगांत वेत लावूं नये. त्याचे कांटे सुपारी काढणाऱ्यास अडवितात, व भार बारीक खोडास सोसत नाहीं. बागेची कड, वहाळाचा कांठ किंवा झाडी असलेला उतार पसंत करावा. मात्र पाणी सांचूं देऊं नये. आधाराच्या झाडापासून दोन-तीन फूट दूर, एक फूट खोल खड्डयांत पालापाचोळ्याचें खत घालून रोप लावावें. पुढें वरील फांद्या छाटून निम्माशिम्मा उजेड द्यावा. गर्द सांवलींत रोप वर्षानुवर्षें झुबक्यासारखें बसून राहतें. कोंवळीं पानें गुरें खातात, म्हणून कुंपण अवश्य आहे.

बारीक वेत सात ते दहा वर्षांनीं, जाड वेत बारा ते पंधरा वर्षांनीं तोडणीस येतो. खालचे कांटेरी वेष्टण सुकून गळूं लागलें कीं वेत तयार झाला असें समजावें. लांकडाप्रमाणें त्याची जाडी वाढत नाहीं. थांबल्यानें फक्त लांबी वाढते. बेट करणाऱ्या जातींतील पक्के वेत काढून कोंवळे राखल्यास पुनः तोडणी मिळते. एकट्या खोडाची जात तोडली कीं संपली. म्हणून बीं घेतांनाच जात विचारावी. तोडलेला वेत ओला पडूं देऊं नये. बुरशीचे निळसर डाग पडून किंमत उतरते. बारीक वेत खरवडून वाळवितात, जाड वेत तेलांत उकळून मग वाळवितात.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून एक गोष्ट आग्रहानें सांगतों. १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत 'झाड' या शब्दांत वेताचाही समावेश आहे. २०१७ सालीं त्या व्याख्येंतून बांबू वगळला गेला. वेत वगळला गेला नाहीं. तेव्हां बांबूस जें लागू तेंच वेतास लागू, असें कोणीं समजूं नये. लागवडीची नोंद पीकपाहणींत वेळींच करून घ्यावी, त्या नोंदीचा उतारा जपून ठेवावा, आणि तोडणी व वाहतूक करण्यापूर्वीं वनखात्याच्या कचेरींत लेखी विचारणा करावी. दहा वर्षांनीं माल आपल्याच जमिनींतला आहे हें सिद्ध करावयाची वेळ आली, तर शेजाऱ्याच्या साक्षीपेक्षां हा कागद अधिक उपयोगी पडेल.

ज्यांस दरसालचें उत्पन्न हवें, त्यांनीं सबंध जमीन या पिकास देऊं नये. पडीक कोपऱ्यांत वीस-पंचवीस रोपें प्रथम लावून पाहावीं. पोफळीचें उत्पन्न चालू राहील, आणि मुलगा कर्ता होईपर्यंत वेत हातीं येईल.