वेस्टगेट कुणाच्या हवाली करायचं?

मेकॅनिकने हातपंपाची नळी ॲक्च्युएटरच्या तोंडावर चढवली आणि हळूहळू दाब द्यायला सुरुवात केली. गेजचा काटा 4 पीएसआयवर आला, रॉड जागचा हलला नाही. 5च्या थोडं पुढे तो केसभर सरकला आणि 6ला वेस्टगेटची झडप उघडू लागली. पंप थांबवला तरी काटा तिथेच राहिला, म्हणजे आतला डायफ्रॅम शाबूत आहे. "हे आधी बघायचं दादा, कंट्रोलरचं नंतर बोलू," असं तो गाडीच्या मालकाला म्हणाला.

भोसरीतल्या या गॅरेजमध्ये लिफ्टवर होती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. शेंद्र्याच्या कारखान्यातून ऑक्टाव्हिया बाहेर पडत होत्या त्या काळातली, 1.8 लिटरचं 20 व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 हॉर्सपॉवर. मालकाला बूस्ट वाढवायचा होता. कोणत्या पद्धतीने, हे ठरत नव्हतं.

टर्बोचा स्वभाव लक्षात घेतला की हा प्रश्न नीट कळतो. एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरतं, त्याला जोडलेला कॉम्प्रेसर जास्त हवा इंजिनात कोंबतो, जास्त हवेने एक्झॉस्ट वाढतो आणि टर्बाइन आणखी जोरात फिरतं. हे चक्र आपणहून थांबत नाही. वेस्टगेट थोडा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडून देतं, म्हणून ते आटोक्यात राहतं. ते कधी उघडायचं हे ॲक्च्युएटरला बूस्टच्या दाबावरूनच कळतं. त्याच्या आतली स्प्रिंग 5-6 पीएसआयची असेल तर बूस्ट तेवढ्यावरच अडतो. कुठलाही कंट्रोलर लावा, त्याखाली जाता येत नाही. त्याच्या वर जायचं तर ॲक्च्युएटरला खरा दाब कळू द्यायचा नाही. बूस्ट कंट्रोलची प्रत्येक पद्धत म्हणजे त्याला खोटं सांगण्याची एक रीत आहे. माझ्या मते निवड करताना पाहायचं ते एवढंच, की खोटं सांगणाऱ्याला थांबायचं कधी हे कळतं का.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नळीत एक टी बसवून स्क्रूच्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा बाहेर सोडणं. यात ॲक्च्युएटरला दाब सुरुवातीपासूनच थोडा थोडा मिळत राहतो, वेस्टगेट लवकर किलकिलं होतं आणि बूस्ट रेंगाळत चढतो. त्यापेक्षा बॉल-स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बरा. मेकॅनिकने एक खोलून दाखवला. बोटाच्या पेराएवढी पितळी बॉडी, आत छर्‍यासारखा स्टीलचा गोळा, त्यामागे स्प्रिंग आणि ती दाबणारा स्क्रू. ठरलेला दाब होईपर्यंत गोळा वाट अडवून बसतो, ॲक्च्युएटरला काहीच कळत नाही, वेस्टगेट घट्ट बंद राहतं. त्यामुळे पिकअप खरोखर झकास येतो. बॉडीच्या कडेला सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. पाय उचलल्यावर ॲक्च्युएटरकडच्या नळीत अडकलेला दाब त्यातून निघून जातो. स्वस्तातल्या काही व्हॉल्व्हना हे भोकच नसतं, मग वेस्टगेट वेळेवर मिटत नाही.

या व्हॉल्व्हबद्दल मला आदर आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, नसलेल्या जुन्या इंजिनाला, डोळा गेजवर ठेवून चालवणाऱ्याच्या हातात, तो उत्तम काम देतो. पण मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये, तापलेल्या इंटरकूलरसह इंजिन नॉकिंगला आलं, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप पेटून ठोके पडू लागले, तर त्या गोळ्याला त्याचा पत्ता नसतो. सकाळच्या गारव्यात ठरवलेला दाब तो दुपारीही तितकाच देत राहतो. शिवाय या गाडीच्या ईसीयूला मोजमापात जास्त हवा दिसली की तो स्वतःच बूस्ट तोडतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीवर, जाते.

साबने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला 900 टर्बोमध्ये एपीसी ही बूस्ट आवरणारी यंत्रणा आणली ती नेमकी या नॉकिंगसाठी. ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवला आणि त्याच्या सांगण्यावरून एक सोलेनॉइड वेस्टगेटला जाणारा दाब कमी-जास्त करू लागला. पेट्रोल हलकं असेल तर बूस्ट आपोआप खाली. पेर जिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम मला टर्बोच्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

ऑक्टाव्हियात तेच काम एन75 नावाचा सोलेनॉइड करतो. त्याला तीन नळ्या: एक कॉम्प्रेसरकडून, एक ॲक्च्युएटरकडे, एक परत इनटेककडे. तो सेकंदाला अनेक वेळा उघड-मीट करतो. किती वेळ उघडं राहायचं हे ईसीयू दर क्षणी ठरवतो, आणि वायर तुटली तर बूस्ट स्प्रिंगच्या पातळीवर उतरतो, इंजिन सुखरूप राहतं. डॅशबोर्डवर लावायचा वेगळा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरही मिळतो. तो बूस्ट नेमका धरतो, पण अशा बहुतेक कंट्रोलरना नॉक ऐकू येत नाही. मूळ ईसीयूशी त्याचा मेळही बसवावा लागतो.

मालकाला बॉल व्हॉल्व्हचा मोह सुटत नव्हता, काही हजारांचा फरक होता. मेकॅनिकने एन75ची एक नळी चिमटीत धरून वाकवली. क्लिपजवळ बारीक चिरा उघडल्या. "दादा, बूस्ट इथून जातोय. आधी नळ्या बदला, मग गाडी चालवून बघा." तसंच झालं. सगळ्या नळ्या नव्या, मूळ नंबरचा नवा एन75, आणि ईसीयूचं सौम्य मॅपिंग: मधल्या आरपीएमला 12 पीएसआय, वरच्या आरपीएमला 9. टर्बो लहान आहे, वर जास्त मागितलं तर तो हवा कमी आणि उष्णता जास्त देतो. लॅपटॉप जोडून साध्या पेट्रोलवर कात्रजच्या चढाला लॉग घेतला, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरवर इग्निशन 3 अंश मागे ओढलेलं दिसलं. मॅपमधून 1 पीएसआय काढून टाकला आणि पुन्हा तोच चढ चढायला गाडी वळवली.