गटप्रमुखाने किती बोलावे?

"आमच्यामागे याचे काय होणार?" स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाचे वृद्ध आईवडील हा प्रश्न दवाखान्यात हलक्या आवाजात विचारतात. औषधे नियमित चालू असतात. पण आजारासह घर कसे चालवावे, हे चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. त्यासाठी समूह-मनोशिक्षण उपयोगी पडते.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ विल्यम मॅकफार्लेन यांच्या पद्धतीत ५ ते ८ कुटुंबे रुग्णांसह पंधरवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसतात. गटप्रमुख दोन असतात. एक चर्चा पुढे नेतो, तर दुसरा गप्प बसलेल्यांना सामावून घेतो. प्रारंभीची १५ मिनिटे आजाराविषयी बोलायचेच नाही. नंतर प्रत्येक घराची विचारपूस होते आणि एकच अडचण निवडली जाते. सुचलेला प्रत्येक उपाय फळ्यावर लिहितात, गुणदोष पाहतात. निवड मात्र त्या कुटुंबाने करायची.

अशा एका बैठकीला मी उपस्थित होतो. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "मुलगा दुपारपर्यंत उठत नाही. मी ओरडतो, मग दोन दिवस घरात अबोला." गटप्रमुख बाईंनी उपदेश केला नाही. "ही अडचण आणखी कोणाकडे आहे?" एवढेच विचारले. चार हात वर झाले. तेवढ्यात एक तरुण रुग्ण म्हणाला, "काका, तो आळस नसेल. गोळ्यांनी माझेही अंग सकाळी जड असते."

त्याच शिक्षकांना "मुलाला शिस्त लावा" असा सल्ला मीच पूर्वी दिला होता. माझी मान खाली गेली.

अखेरीस ठरले ते असे: गोळीच्या वेळेविषयी मनोविकारतज्ज्ञांना विचारायचे, साडेआठला आईने चहा घेऊन एकदाच हाक मारायची, ओरडायचे नाही. पुढील बैठकीत पहिली चौकशी याचीच.

चांगला गटप्रमुख कोणालाही दोषी ठरवत नाही. परस्पर औषधे बंद करण्याचा सल्ला तो तिथेच थांबवतो, गटातील गोष्ट गटाबाहेर जाऊ देत नाही. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोहोचवतो. (तातडीच्या मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.)

'आमच्यामागे काय?' याचे पूर्ण उत्तर कोणताही गट देऊ शकत नाही. मात्र त्या दिवशी निघताना शिक्षकांच्या मुलाला तीन घरांनी जेवायला बोलावले होते.